नवऱ्यामागे जर्मनीतल्या आपल्या गावाला दान द्यायचं तर

जर्मनीत नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई गावासाठी काही करायचं मनावर घेते, तेव्हा सुरुवात बहुधा उलट्या टोकाने होते. वाचनालय की खेळाचं मैदान हे आधी ठरतं, नगराध्यक्षांशी बोलणं होतं, आणि वकिलाकडे गेल्यावर कळतं की जे द्यायचं म्हणतोय ते देण्याची मोकळीकच नाही. म्हणून क्रम बदला. आपले हात किती मोकळे आहेत ते पाहा, म्हातारपणाचे पैसे बाजूला काढा, मग दानाची वाट निवडा. हेतूची दोन वाक्यं शेवटी लिहा, पण सर्वांत जास्त वेळ त्यांनाच द्या.

कपाटातला जुना कागद

पहिलं काम म्हणजे नवरा असताना दोघांनी मिळून केलेलं मृत्युपत्र शोधणं. जर्मन जोडप्यांत ‘बर्लिनर टेस्टामेंट’ फार चालतं. एकाने हाताने लिहायचं, दोघांनी सही करायची. मजकूर साधारण एकच असतो: आधी जाईल त्याचं सगळं मागे राहणाऱ्याला, आणि दोघांनंतर मुलांना किंवा भाचे-पुतण्यांना. दोघं असताना हा कागद निरुपद्रवी वाटतो. एक गेल्यावर मात्र त्यातल्या एकमेकांच्या भरवशावर केलेल्या तरतुदींना कुलूप लागतं. घर विकायला, पैसे खर्चायला, जगप्रवासाला जायला बाई मोकळी असते. पण दोघांनंतर कोणाला मिळणार हे तिला एकटीला बदलता येत नाही. तिने नवं मृत्युपत्र करून निम्मी मालमत्ता गावाच्या नावे केली, तर तेवढा भाग कायद्याने निष्प्रभ ठरतो.

त्या कागदात ‘मागे राहणाऱ्याला बदल करता येईल’ अशा अर्थाचं वाक्य आहे का ते शब्द न् शब्द वाचून बघा. ते असेल तर निम्मी लढाई संपली. नसेल आणि नवऱ्याला जाऊन फार दिवस झाले नसतील, तर वारसा नाकारण्याचा मार्ग आहे. त्याची मुदत फक्त ६ आठवड्यांची, आणि नाकारला की हातात बराच कमी वाटा येतो. त्यामुळे वकिलाने आकडेमोड करून दाखवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

तिसरा मार्ग जिवंतपणी देण्याचा. कायदा त्याला मनाई करत नाही. पण ‘मला मिळायचं ते कमी व्हावं म्हणूनच हे दान केलं’ असं ठरलेल्या वारसाने तिच्या मागे कोर्टात दाखवलं, तर तो गावाकडून पैसे परत मागू शकतो. कोर्ट बघतं की दान देण्यात बाईचं स्वतःचं काही रास्त कारण होतं का. गावच्या बालवाडीला दरवर्षी हजार-दोन हजार युरो दिले तर कोणी बोट ठेवत नाही. एकुलतं एक घर दिलं तर नक्की ठेवतं. सरळ उपाय म्हणजे ठरलेल्या वारसांना आधीच सांगून नोटरीसमोर त्यांची संमती घेणं. अवघड वाटतं, पण पुढची दहा वर्षं निवांत जातात.

मुलांचा सक्तीचा वाटा

जर्मन कायद्यात मुलांना पूर्ण डावलता येत नाही. कायद्याने जो वाटा मिळाला असता त्याच्या निम्मा, ‘फ्लिश्टटाइल’, ते रोखीत मागू शकतात. विधवेला दोन मुलं असतील तर प्रत्येकाचा कायदेशीर वाटा निम्मा, म्हणून सक्तीचा वाटा चौथाई. भाऊ, बहीण, भाचे, पुतणे यांना असा हक्क नाही. म्हणूनच जुना संयुक्त कागद आड येत नसेल, तर मूलबाळ आणि आईवडील नसलेली विधवा सगळंच गावाला देऊ शकते.

जिवंतपणी दिलेलं दानही या हिशोबात येतं. देऊन एक वर्षाच्या आत मृत्यू आला तर पूर्ण रक्कम मोजतात, पुढे दर वर्षी दहावा हिस्सा कमी होतो आणि १० वर्षांनी ते दान हिशोबाबाहेर जातं. धर्मादाय संस्थेला दिलंय म्हणून सूट मिळेल हा समज खोटा आहे. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्षे या चर्चच्या पुनर्बांधणीसाठी दिलेल्या मोठ्या देणग्यांवरून सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००३ साली हे स्पष्ट केलं.

यात एक खड्डा हमखास लागतो. बाई घर गावाला किंवा धर्मादाय निधीला देते, पण ‘मरेपर्यंत मी इथेच राहीन, भाडं आलं तर माझं’ असा हक्क, म्हणजे ‘नीसब्राउख’, राखून ठेवते आणि तो जमीन-नोंदवहीत चढवते. व्यवहार चोख, कागद पक्के. पण घराचा उपभोग तिच्याकडेच राहिल्यामुळे ते १० वर्षांचं घड्याळ सुरूच होत नाही. पंधरा वर्षांनी ती गेली तरी मुलांच्या सक्तीच्या वाट्यात त्या दानाचा हिशोब धरला जातो.

कराची दोन घड्याळं

नवऱ्याकडून आलेल्या मालमत्तेवर विधवेला वारसा कर लागू होऊ शकतो. ५ लाख युरोंपर्यंत तिला सूट आहे. मोठ्या मालमत्तेत त्यावरचा भाग करपात्र होतो. वारशाने आलेली वस्तू किंवा रक्कम तिने नवऱ्याच्या मृत्यूपासून २४ महिन्यांच्या आत जर्मनीतल्या नगरपालिकेला किंवा धर्मादाय निधीला दिली, तर तेवढ्या भागावरचा वारसा कर मागे जाऊन रद्द होतो. ही सवलत नगरपालिका आणि ‘श्टिफ्टुंग’ म्हणजे कायमनिधी (सहसा भांडवल राखून त्याच्या उत्पन्नातून काम करणारी संस्था) यांच्यासाठी आहे. गावचा फुटबॉल क्लब किंवा गायनमंडळ नोंदणीकृत संस्था असली तरी चालत नाही. शिवाय त्याच दानावर आयकरातली वजावट घेता येत नाही, दोहोंपैकी एक निवडावं लागतं. दुःखात पहिलं वर्ष कसं जातं हे कळत नाही, म्हणून ही तारीख मुलीने किंवा शेजारणीने कॅलेंडरात लिहून ठेवावी.

दुसरं घड्याळ राहत्या घराचं. जोडप्याचं राहतं घर विधवेला करमुक्त मिळतं, अट इतकीच की तिने पुढे १० वर्षं तिथे राहावं. त्या काळात घराची मालकी दुसऱ्याला दिली, तर ती त्याच घरात राहत असली तरी सवलत मुळापासून जाते. २०१९ साली वरिष्ठ कर न्यायालयाने हे पक्कं केलं. म्हणजे घर द्यायचंच असेल तर १० वर्षांनंतर द्यावं, नाहीतर मृत्युपत्रातून.

मृत्युपत्रातून दिलं तर गावाला वारसा कर शून्य. पुतण्याशी तुलना करून बघा: त्याला ३ लाख युरो ठेवले तर २०,००० वजा होऊन २ लाख ८० हजारांवर २० टक्के, म्हणजे ५६,००० युरो कर. म्हणून मूल नसलेल्या बायका पुतण्याला ठराविक रक्कम आणि बाकी गावाला अशी वाटणी करतात, आणि ती शहाणपणाची असते. मृत्युपत्रातल्या दानाची आयकरात मात्र वजावट नाही. ती हवी तर जिवंतपणी द्या: वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत देणगी वजा होते, म्हणजे ६०,००० उत्पन्नावर १२,०००; वरची रक्कम पुढच्या वर्षात नेता येते. कायमनिधीच्या मूळ भांडवलात घातलेल्या रकमेला याशिवाय १० वर्षांत मिळून १० लाख युरोंपर्यंत वजावट आहे. ३०० युरोंपर्यंतच्या देणगीला बँकेचा उतारा पुरतो, त्यावर पावती मागून घ्या.

आधी स्वतःचे पैसे

वृद्धाश्रमातल्या खोलीसाठी खिशातून जाणारी रक्कम पहिल्या वर्षी महिन्याला ३,००० युरोंच्या आसपास असते. पाच वर्षं धरली तर १ लाख ८० हजार. हे बाजूला काढल्याशिवाय दानाचा आकडा ठरवू नका. कारण केवळ सावधगिरीचं नाही: देणारी बाई पुढे गरजू झाली तर १० वर्षांपर्यंत दान परत मागता येतं, आणि ती स्वतः मागणार नसली तरी तिचा खर्च उचलणारं समाजकल्याण खातं तिच्या वतीने मागतं. तोवर नगरपालिकेने त्या पैशांतून झोपाळे बसवलेले असतात आणि वादाला तोंड फुटतं.

वृद्धाश्रमात राहणाऱ्या बाईने त्याच आश्रमाला किंवा तो चालवणाऱ्या संस्थेला काही द्यायचं ठरवलं, तर बहुतेक राज्यांत त्यावर बंदी किंवा कडक अटी आहेत. आश्रम नगरपालिकेचा असेल तर गावाला दिलेलं दानही अडकू शकतं. संबंधित राज्याच्या खात्याकडून आधी परवानगी विचारा.

कोणत्या वाटेने द्यायचं

आकडा ५०,००० च्या खाली असेल तर स्वतःच्या नावाचा निधी काढायचा मोह टाळा. गावात ‘ब्युर्गरश्टिफ्टुंग’ असेल तर तिच्या भांडवलात भर घाला. नागरिकांनी मिळून चालवलेले असे निधी १९९६ साली ग्युटर्सलोपासून सुरू झाले आणि आता बऱ्याच शहरांत आहेत. हिशोब, लेखापरीक्षण, कर खात्याशी पत्रव्यवहार त्यांच्याकडे. तुमची रक्कम तुमच्या नावाने वेगळी दाखवायलाही ते सहसा तयार असतात.

त्याहून मोठी रक्कम, आणि हेतू स्वतःचा, पण कचेरी चालवायची नाही, अशांसाठी विश्वस्त निधी. नगरपालिका किंवा मोठा निधी करार करून तुमची रक्कम वेगळी सांभाळतो. सरकारी मान्यता लागत नाही, कर खात्याकडून मसुदा मंजूर करून घेतला की पुरतं. स्वतंत्र कायदेशीर निधीला राज्याची मान्यता लागते. कायद्यात किमान भांडवल लिहिलेलं नाही, पण अधिकारी विचारतात की हेतू कायमचा पुरा होईल इतकं उत्पन्न येईल का, आणि लाखभराच्या खाली ते सहसा मान डोलावत नाहीत.

ते का, हे साध्या गणिताने कळतं. १ लाख युरोंवर अडीच टक्के सुटले तर वर्षाला २,५०० युरो. महागाईने भांडवल झिजू नये म्हणून त्यातला एक तृतीयांश राखीव ठेवायला कायदा परवानगी देतो आणि तो ठेवावाच. उरले सुमारे १,६७०. बँकेचा आणि हिशोबनिसाचा खर्च वजा जाता दोन मुलांच्या संगीतवर्गाची फी निघेल. गावाला नवं वाचनालय त्यातून होणार नाही. सध्या काही ठोस उभं करायचं असेल तर खर्चून संपणारा निधी काढा: भांडवलही वापरायचं, पण किमान १० वर्षांत वाटून. लाखाचे १० भाग केले तर वर्षाला १०,००० मिळतात आणि त्यात गावच्या तरुण मंडळाचा प्रशिक्षक आठवड्यातून काही तास ठेवता येतो. मात्र मूळ भांडवलावरची १० लाखांची वजावट याला लागू नाही.

काय द्यायचं याचं उत्तर इतिहासात सापडतं. १९०२ साली पोलाद कारखानदार नवरा वारल्यावर मार्गारेटे क्रुप यांनी १९०६ मध्ये, मुलगी बेर्टा हिच्या लग्नाच्या निमित्ताने, एसेनमध्ये घरांसाठी निधी काढला: १० लाख मार्क आणि ५० हेक्टर जमीन. बाई मूळच्या ब्रेस्लाउच्या, पण गाव एसेनच. गेओर्ग मेट्सेनडॉर्फ या वास्तुविशारदाने १९०९ पासून तिथे जी वसाहत उभी केली तीच आजची मार्गारेटेनहोए. घरं कारखान्याच्या कामगारांपुरती बांधून न ठेवता इतरांनाही खुली ठेवली आणि कारभारात शहराला वाटा दिला. १९२३ च्या महागाईच्या वावटळीत रोखे आणि बँकेतल्या ठेवींवर उभे असलेले असंख्य निधी कागदाच्या मोलाचे झाले. ज्यांच्याकडे घरं, शेतं, जंगल होतं ते तगले. आउग्सबुर्गची फुगेराय ही गरजूंसाठीची वसाहत १५२१ पासून चालू आहे, घराचं भाडं वर्षाला ०.८८ युरो, आणि तिचा खर्च मुख्यतः जंगलाच्या उत्पन्नातून भागतो.

म्हणून भाड्याने दिलेलं घर किंवा शेतजमीन असेल तर ती आधी विकून रोख देण्याऐवजी तशीच देण्याचा विचार करा. पण छप्पर, बॉयलर, भाडेकरू यांचा तपशील लेखी द्या. गळकं घर देणं म्हणजे गावावर खर्च लादणं, आणि शहाणी नगरपालिका ते नाकारते.

नगर परिषदेच्या दारात

देणगी नगराध्यक्षाच्या हातात दिली म्हणजे झाली असं नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात देणगी मागण्याचा अधिकार नगराध्यक्ष आणि त्याच्या उपाध्यक्षांनाच आहे आणि ती स्वीकारायची की नाही हे नगर परिषद ठरवते. किरकोळ रकमांसाठी सोपी पद्धत असते. दाता कोण, त्याचा पालिकेशी काय संबंध, याची वर्षअखेरीस देखरेख करणाऱ्या वरच्या कार्यालयाला माहिती जाते. म्हणून तुमचा बांधकाम परवाना किंवा जमिनीचा वाद पालिकेकडे पडून असेल तर तो निकाली निघेपर्यंत थांबा. नाव नको असेल तर तेही आधीच सांगा. ठराव जाहीर सभेत होतात, आणि स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस तिथे बसलेला असतो.

परिषदेचा पहिला प्रश्न असतो: पुढचा खर्च कोण करणार? खेळाच्या मैदानाची साधनं युरोपीय सुरक्षा मानकात बसावी लागतात, वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी लागते, ठराविक काळाने वाळू बदलावी लागते. पोहण्याचा तलाव तर दरवर्षी तोट्यात चालतो, तो बांधून देणं हे गावाला कायमचं बिल पाठवण्यासारखं आहे. देखभालीची रक्कम सोबत ठेवली तर प्रस्ताव सहज पास होतो. पालिकेच्या ‘बाउहोफ’मधल्या, म्हणजे रस्ते-बागा सांभाळणाऱ्या खात्यातल्या, माणसाला आधी भेटा. परिषदेतल्या दहा जणांपेक्षा तो खरं सांगतो.

हेतूची दोन वाक्यं

चूक दोन्हीकडे होते. ‘क्षयरोग्यांसाठी’, ‘मुलींच्या शाळेसाठी’ असं अरुंद लिहिलेले जुने निधी हेतूच उरला नाही म्हणून ठप्प झाले, आणि हेतू बदलायचा तर तो कायमचा अशक्य झाल्याचं दाखवून सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दुसरीकडे ‘गावाच्या भल्यासाठी’ इतकं सैल लिहिलं तर पैसे रस्त्याच्या डांबरात जातात. चालणारा मसुदा साधारण असा: ‘अमुक भागात राहणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांचं शिक्षण, संगीत आणि खेळ, हे अशक्य झालं तर त्याच भागातल्या मुलांसाठी याला सर्वांत जवळचं काम.’ उत्तरार्ध कधीही वगळू नका.

‘अमुक भागात’ हे शब्द मुद्दाम आहेत. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या फेररचनेत पश्चिम जर्मनीतली हजारो खेडी शेजारच्या शहरांत विलीन झाली. बाईच्या लेखी ते अजून तिचं गाव असतं, कायद्याच्या लेखी ते शहराचा एक वॉर्ड. ‘माझ्या गावाला ५०,०००’ असं लिहिलं तर रक्कम शहराच्या तिजोरीत जाते. ती त्या वॉर्डातच खर्च व्हावी अशी ‘आउफलागे’, म्हणजे बंधनकारक अट, वेगळी लिहावी लागते. आणि नुसतं ‘गरिबांना’ असं लिहिलं तर कायद्याचा अर्थ ठरलेला आहे: शेवटचं राहतं घर ज्या पालिकेत होतं, तिथल्या गरिबांच्या मदतनिधीला. शेवटची दोन वर्षं बाई लेकीजवळच्या वृद्धाश्रमात शंभर किलोमीटरवर राहिली असेल, तर पैसे त्या परक्या गावाला जातात.

कबरीचं विसरू नका. धर्मादाय निधीला आपल्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंतची रक्कम दात्याची आणि जवळच्या नातलगांची रास्त गरज, कबरीची निगा आणि स्मरण यांवर खर्च करता येते, करसवलत न गमावता. मसुद्यात तसं लिहून ठेवलेलं बरं.

मृत्युपत्राचा कागद

घरी करायचं तर पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत स्वतःच्या हाताने. संगणकावर छापून खाली सही केलेलं मृत्युपत्र रद्दी आहे, आणि ही चूक अजूनही होते. तारीख आणि ठिकाण घाला. गावाला ‘वारस’ करायचं की ‘फेरमेश्टनिस’, म्हणजे वेगळी नेमलेली देणगी, द्यायची हे स्पष्ट करा. वारस झालं की गाव कर्जासकट सगळ्याला वारस होतं आणि इतर वारसांबरोबर वाटणीच्या बैठकीत बसतं. लहान पालिकांना ते नको असतं. ठराविक रक्कम किंवा ठराविक घर द्यायचं तर नेमलेली देणगी बरी. घर, भाडेकरू आणि तीन वारस असतील तर अंमलबजावणी करणारा माणूसही नेमा.

कागद कपाटात ठेवू नका. तालुका न्यायालयात, ‘अम्ट्सगेरिश्ट’मध्ये, ७५ युरो भरून ठेवता येतो, वर मध्यवर्ती नोंदवहीचं थोडं शुल्क. मृत्यूची नोंद झाली की तो आपोआप उघडला जातो.

जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी बायकांसाठी एक जास्तीची काळजी. २०१५ पासून युरोपीय नियमानुसार वारसा जिथे नेहमीचं वास्तव्य तिथल्या कायद्याने ठरतो, पण पुण्यातला फ्लॅट किंवा साताऱ्याची जमीन यांना भारतीय कायदाच लागतो. भारतात मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, जर्मन हस्तलिखिताला एकही लागत नाही. त्यामुळे जर्मनीत नियमाने केलेला कागद पुण्यातल्या फ्लॅटसाठी अपुरा पडतो. भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं करा आणि दोन्हींत लिहा की हे फक्त त्या त्या देशातल्या मालमत्तेपुरतं आहे. नाहीतर ‘याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द’ हे सवयीने लिहिलेलं वाक्य दुसरा कागद पुसून टाकतं.